सरकारचे पाठबळ बंदरावर, शेतकरी वाळवणावर

(डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली येथे हळद उत्पादक शेतकरी आणि शेतमजूर स्त्री-पुरुषांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



नांदेडहून निघून अर्धापूर मागे टाकले की रस्त्याच्या दुतर्फा केळीच्या बागा आणि उसाचे फड लागतात, आणि ह्या दिवसांत त्यांच्या मधूनमधून वाफेचे पांढरे लोट उठताना दिसतात. हळद शिजत असते. वाळवणावर पसरलेली हळद, तिच्यावर वाकलेल्या बायका, पलीकडे गरगरणारा पॉलिशचा ढोल. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला हे दृश्य इतके भरघोस वाटते की ‘पिवळे सोने’ हा शब्द त्याच्या तोंडी आपोआप येतो. व्यासपीठावरून तो आपण पुष्कळ वेळा ऐकला आहे. मी तो आज वापरणार नाही. ज्याच्या घरी सोने असते तो मनुष्य मार्चअखेर बँकेचे नवे-जुने करण्यासाठी ते मिळेल त्या भावाने विकीत नाही; तो त्यावर कर्ज काढतो आणि सोने आपलेच राहते. हळदीचे तसे होत नाही. हळद जाते आणि कर्ज राहते.

आज मला बोलावयाचे आहे ते एवढ्याचविषयी, की मसाल्याच्या पिकांना, आणि विशेषेकरून हळदीला, सरकार जे पाठबळ देते ते कोणत्या जागी देते, कुणाच्या हाती देते, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात देते. सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे सोपे आहे, त्याला टाळ्याही मिळतात. परंतु ते खरे नाही. मंडळे आहेत, अनुदाने आहेत, मानांकने आहेत. वसमतला हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठी २०२२ च्या राज्य अर्थसंकल्पात १०० कोटी रुपयांची घोषणा झाली. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली ते मिळालेले होते. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ ह्या योजनेत हिंगोली जिल्ह्याच्या नावापुढे हळद लिहिलेली आहे. तेव्हा वाद पाठबळाच्या असण्या-नसण्याचा नाही. वाद आहे तो त्याच्या जागेचा.

भारत सरकारला मसाल्याची आठवण होते ती प्रायः परकीय चलनाच्या निमित्ताने. ही गोष्ट आजची नाही. वेलदोड्यासाठी १९६५ साली कायदा झाला आणि त्यातून वेलदोडा मंडळ निघाले. मसाल्यांच्या निर्यातवाढीसाठी एक वेगळी परिषद काम करीत होती. पुढे १९८६ च्या कायद्यान्वये ह्या दोहोंचे एकत्रीकरण होऊन २६ फेब्रुवारी १९८७ रोजी मसाला मंडळ अस्तित्वात आले. त्याचे मुख्यालय कोचीला आहे, वाणिज्य मंत्रालयाच्या छत्राखाली आहे, आणि त्याच्या कायद्याच्या परिशिष्टात ५२ मसाले आहेत. परंतु ज्याची लागवडीपासून निर्यातीपर्यंतची सर्व जबाबदारी ह्या मंडळाने घ्यावयाची, तो मसाला प्रामुख्याने वेलदोडा. हळदीच्या बाबतीत मंडळाचा मुख्य भर पीक हाती आल्यानंतरच्या सुधारणेवर आणि निर्यातीवर राहिला : वाफेवर शिजविण्याच्या संयंत्राला अनुदान, पॉलिश यंत्राला अनुदान, मालाची तपासणी, निर्यातदाराची नोंदणी, परदेशातील प्रदर्शने. लागवडीकडे पाहावयाचे ते कृषी मंत्रालयाने, कालिकतच्या सुपारी व मसाला विकास संचालनालयामार्फत. म्हणजे जमिनीतली हळद एका मंत्रालयाची आणि जहाजावरची हळद दुसऱ्या मंत्रालयाची. मधल्या दोन-तीन महिन्यांत ती खणली जाते, शिजते, वाळते आणि विकली जाते, तेव्हा ती कोणत्याच मंत्रालयाची नसते. तेव्हा ती आडत्याची असते.

ह्या मंडळाने देशात आठ ठिकाणी मसाला उद्याने उभारली. छिंदवाडा, गुना, जोधपूर, कोटा, गुंटूर, शिवगंगा, पुट्टडी आणि रायबरेली ही त्यांची नावे. जिऱ्याच्या मुलखात उद्यान आहे, धन्याच्या मुलखात आहे, मिरचीच्या मुलखात आहे. हळदीच्या लागवडीत जो महाराष्ट्र देशात अग्रभागी आहे, त्याचे नाव ह्या यादीत नाही. हा अन्याय कुणी मुद्दाम केला असे मी म्हणत नाही. ज्यांनी मागितले त्यांना मिळाले, आणि मराठवाड्याने मागण्याची सवय फार पूर्वीच सोडली आहे.

मागणे म्हणजे काय, हे आपल्या शेजाऱ्यांकडून शिकावे. निजामाबाद इथून दूर नाही; आपल्यापैकी कित्येकांची हळद तिथल्या बाजारात जाऊन आलेली आहे. तेथील हळदकऱ्यांनी वर्षानुवर्षे स्वतंत्र हळद मंडळाची मागणी केली. ती कुणी ऐकेना, तेव्हा २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत पावणेदोनशेच्या आसपास शेतकऱ्यांनी स्वतःचे उमेदवारी अर्ज भरले आणि मतपत्रिकेवर एकंदर १८५ नावे झाली. निवडणूक आयोगाला एकेका मतदान केंद्रावर बारा-बारा यंत्रे जोडावी लागली. त्या शेतकऱ्यांपैकी कुणी निवडून आला नाही; परंतु जे खासदार निवडून गेले होते त्यांची जागा गेली, आणि जे आले ते मंडळ आणण्याचे वचन मुद्रांकाच्या कागदावर लिहून देऊन आले. वचन पाच दिवसांचे होते, पुरे व्हावयास पाच वर्षांहून अधिक काळ लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना निघाली आणि १४ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, निजामाबादला मंडळाचे उद्घाटन झाले. सुगडात हळदकुंकू वाहण्याचा दिवस सरकारने साधला, हे त्याच्या रसिकतेस धरूनच झाले.

हे मंडळ ही तेलंगणातील शेतकऱ्यांच्या चिकाटीची कमाई आहे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. तथापि मंडळ आले म्हणजे भाव आला असे समजणे भोळेपणाचे होईल. मंडळ वाणिज्य मंत्रालयाखाली आहे. संसदेच्या कायद्याने नव्हे तर अधिसूचनेने ते जन्मास आले आहे. त्यावर आयुष, औषधनिर्माण, कृषी आणि वाणिज्य ह्या खात्यांचे प्रतिनिधी आहेत, आळीपाळीने तीन राज्यांचे अधिकारी आहेत, संशोधन संस्था आहेत, निर्यातदार आहेत आणि हळद उत्पादकही आहेत. हळद खणणाऱ्या, निवडणाऱ्या मजुरांसाठी मात्र त्यात जागा ठेवलेली नाही. आणि त्याच्यापुढे ठेवलेले सर्वांत ठळक उद्दिष्ट कोणते? तर २०३० पर्यंत हळदीची निर्यात १०० कोटी डॉलरवर नेणे.

ह्या उद्दिष्टाचा हिशेब आपण इथे बसून करू. त्याला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. मंडळ जाहीर करताना केंद्र सरकारनेच दिलेले आकडे असे : २०२२-२३ साली देशात ३ लाख २४ हजार हेक्टरांवर हळद होती, उत्पादन ११ लाख ६१ हजार टन झाले, आणि त्यांपैकी १ लाख ५३ हजार टन हळद व हळदीचे पदार्थ परदेशी गेले. त्यांची किंमत आली सुमारे २० कोटी ७४ लाख डॉलर. जगातील हळदीच्या व्यापारात भारताचा वाटा ६२ टक्क्यांहून अधिक. आता भागाकार करा. दर किलोला आपणास मिळाला सव्वा ते दीड डॉलर. ह्याच भावाने १०० कोटी डॉलर मिळवावयाचे तर सात लाख टनांहून अधिक हळद जहाजावर चढवावी लागेल, म्हणजे देशातील उत्पादनाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास. तसे होणार नाही, आणि होऊही नये. मग उद्दिष्ट गाठावयाचे ते भावात. ज्या हळदीतून कुर्कुमिन काढून औषधांच्या कुप्यांत भरले जाते, ज्या हळदीचा अर्क निघतो, तिच्यावर. हा वाढीव पैसा कारखान्यात निर्माण होतो. तो कारखाना कुणाचा असेल, ह्यावर १०० कोटींतले किती डोंगरकड्याला येतील हे ठरणार आहे.

त्याच आकड्यांत आणखी एक आकडा होता, त्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. त्या वर्षी हळदीची निर्यात करणारे निर्यातदार होते ३८० च्या वर. ह्या एका जिल्ह्यात हळद लावणारी किती सहस्र घरे आहेत ते आपण जाणता. निर्यातीला द्यावयाचे सारे साहाय्य प्रथम त्या ३८० दारांशी जाते, आणि तिथून ते झिरपत झिरपत आपल्यापर्यंत येईल अशी सरकारची श्रद्धा आहे. इसापूरच्या कालव्याचे पाणी शेपटाच्या शेतकऱ्यापर्यंत कसे पोहोचते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ह्या श्रद्धेविषयी अधिक सांगावयास नको.

माझा निर्यातीला विरोध आहे असा समज कुणी करून घेऊ नये. आपला माल परदेशी जावा, उत्तम भावाने जावा. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचे पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे करून ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. सरकारच्या हाती असलेले सामर्थ्य योग्य जागी लावले तर काय होते, त्याचे ते उदाहरण आहे. कांद्यावर ८ डिसेंबर २०२३ रोजी जशी निर्यातबंदी आली तशी हळदीवर येण्याची भीतीही फारशी नाही. हळद महागली म्हणून दिल्लीतले सरकार पडत नाही. निर्यातीचे दार उघडे आहे. आपण त्या दारापर्यंत पोहोचत नाही, आणि न पोहोचण्याचे कारण समुद्रात नसून आपल्या अंगणात आहे.

हळदीचे पीक कसले, तर नऊ महिन्यांचे. मे-जूनमध्ये बेणे लावावयाचे, एकराला आठ-दहा क्विंटल. ते बेणे विकत घेतले तर पहिला मोठा खर्च तिथेच. मग शेणखत, ठिबक, भरणी, करपा, कंदकूज, कंदमाशी. पावसाळ्यात पाणी साचले तर कंद जमिनीतच कुजतो, आणि ते फेब्रुवारीत खणल्यावर कळते. काढणी झाली की ओली हळद वाट पाहत नाही, शिजवावी लागते. पाच क्विंटल ओली हळद शिजून, वाळून एक क्विंटल होते. पूर्वी चुलाणावर काहिली ठेवून शिजवीत, आता वाफेचे कुकर आले. ट्रॅक्टरमागे लावून ते ह्या शेतातून त्या शेतात फिरतात. कुकरचे भाडे, मजुरी, डिझेल, पॉलिश, बारदान, हमाली, तोलाई. नऊ महिने एक पैसा येत नाही, आणि शेवटच्या महिन्यात सारा खर्च एकदम येतो. त्याच महिन्याच्या अखेरीस पीककर्ज फेडावयाचे असते. व्याजाची सवलत टिकवावयाची तर तारीख चुकवून चालत नाही. म्हणून मार्चमध्ये सारा जिल्हा एकाच वेळी हिंगोली, वसमत आणि नांदेडच्या बाजारात उतरतो. विकण्याची घाई सर्वांना, घेण्याची घाई कुणाला नाही. भाव पडावयास ह्याहून दुसरे कारण लागत नाही.

२०२३ साल आठवा. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ज्यांनी हळद विकली त्यांच्या पदरात क्विंटलला सहा-सात हजार रुपये पडले. ऑगस्ट येईपर्यंत भाव दुपटीपलीकडे गेला. हळद तीच, वाळवण तेच. केवळ पाच महिने ती कुणाच्या गोदामात होती एवढाच फरक. त्या पाच महिन्यांची कमाई ही नऊ महिन्यांच्या कमाईएवढी झाली, आणि ती मिळाली थांबू शकणाऱ्याला. थांबण्याचे हे सामर्थ्य व्यापाऱ्यापाशी परंपरेने आहे. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवे होती. त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी झाली. पेवे गेली, परंतु थांबण्याची विद्या ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहिली. शीतगृहे आली, वायदेबाजार आला.

परंतु इथे आपल्याच बाजूने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. केवळ थांबा, असे शेतकऱ्याला सांगणे धोक्याचे आहे. २०१०-११ च्या सुमारास हळद क्विंटलला सोळा हजारांपलीकडे गेली होती. अनेकांनी आणखी वाढेल म्हणून माल धरून ठेवला, पुढच्या हंगामाला अधिक जमीन हळदीखाली आणली, आणि २०१२ उजाडेपर्यंत भाव चार-पाच हजारांवर उतरला. त्या वर्षी जे थांबले ते बुडाले. तेव्हा दोन गोष्टी एकत्र लागतात. शेतकऱ्याला थांबता आले पाहिजे, आणि तो थांबला असता खाली जमीन असली पाहिजे. एक असून दुसरी नसेल तर पहिलीचा उपयोग नाही.

थांबण्याची व्यवस्था कागदावर आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे आणि हळद त्यात समाविष्ट आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवावयाचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलावयाचे, सहा महिन्यांसाठी व्याज द्यावयाचे सालाना ६ टक्के. समजा तुमची २० क्विंटल हळद आहे आणि भाव आहे १२ हजार. माल झाला २ लाख ४० हजारांचा, कर्ज मिळेल १ लाख ८० हजार, आणि सहा महिन्यांचे व्याज होईल ५,४०० रुपये. म्हणजे क्विंटलमागे २७० रुपये. भाव एवढा वाढला तरी व्याज निघाले. त्यापुढचे सर्व तुमचे. मार्चअखेरीच्या सावकाराला आपण जे देतो त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. असे असूनही सभेत विचारले असता ह्या योजनेचा लाभ घेतलेले हात मोजकेच वर येतात. कारण उघड आहे. गोदाम गावापासून दूर, त्यात जागा मर्यादित, आणि समितीपाशी कर्जाला लागणारा पैसा अपुरा. निर्यातदाराच्या प्रदर्शनाला विमानाचे भाडे देणाऱ्या सरकारने डोंगरकडा, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा ह्या ठिकाणी कोरडी, पक्की गोदामे बांधावीत आणि समित्यांना पैसा पुरवावा. हळदीच्या निर्यातीला ह्याहून मोठे साहाय्य मला दिसत नाही, कारण घाईने वाळवलेला आणि घाईने विकलेला माल हा निर्यातीचा माल नसतो.

आता खालच्या जमिनीविषयी. केंद्र सरकार ज्या पिकांच्या किमान आधारभूत किमती जाहीर करते त्यांत हळद नाही. तिच्यासाठी उरते ती बाजार हस्तक्षेप योजना. मागील सर्वसाधारण वर्षापेक्षा भाव किमान १० टक्क्यांनी पडला, आणि राज्य सरकारने मागणी केली, तर सरकारी संस्थेने खरेदी करावयाची. तोटा झाल्यास केंद्र आणि राज्य यांनी तो निम्मा-निम्मा सोसावयाचा. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ह्या राज्यांनी पडत्या भावाच्या काळात अशी हळद खरेदी केलेली आहे. लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की योजनेचे चाक राज्याने मागितल्यावाचून फिरत नाही. मुंबईतून पत्र गेले पाहिजे, आणि ते मार्च सरण्यापूर्वी गेले पाहिजे. जून महिन्यात गेलेले पत्र व्यापाऱ्याच्या गोदामातील हळदीला आधार देते.

सरकारने बाजारात उतरावयाचे म्हटले की आपल्याकडे एकाधिकार कापूस खरेदीचे नाव काढून हसण्याची पद्धत पडली आहे. १९७२ साली सुरू झालेली ती योजना पुढे तोट्यात आणि आरोपांत रुतली, हे आपण मान्य करावे. त्यातील दोष झाकून ठेवण्यात समाजवादाचे काही भले नाही. परंतु सर्व माल सरकारने घ्यावा असे इथे कुणी म्हणत नाही. डॉ. लोहियांनी ‘दाम बांधो’ची जी मागणी केली, तिचा आशय एवढाच होता की दोन हंगामांमधली भावाची उसळी आणि कोसळ ह्यांना मर्यादा असावी. बाजारात भावाच्या तळाशी एक खरेदीदार उभा आहे, एवढे जरी सर्वांना ठाऊक असले तरी तळ गाठण्याची व्यापाऱ्याची ईर्ष्या कमी होते.

तिसरी गोष्ट मोजमापाची. परदेशी खरेदीदार हळद घेतो ती कुर्कुमिनचे प्रमाण आणि विषारी अवशेष तपासून. मेघालयातील लाकाडोंगच्या हळदीत ते प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास असते म्हणून तिचे नाव आहे. आपण बहुतेक सेलम लावतो. तिच्यातही प्रमाण चांगले असते. परंतु आपल्या मोंढ्यात लिलाव होतो तो रंग पाहून, हळकुंड मोडून, हातात वजन जोखून. ज्याने रासायनिक खते कमी केली, कीटकनाशक वेळेत थांबवले, हळद नीट शिजवली, त्याला त्याचा मोबदला मिळण्याची काही सोयच नाही, कारण त्याचा गुण दिसत नाही आणि दाखवणारे यंत्र इथे नाही. ते यंत्र निर्यातदाराकडे आहे. म्हणजे गुणाची किंमत होते, पण ती माल आपल्या हातातून गेल्यावर.

रंग पाहून भाव ठरविण्याने केवढा अनर्थ होतो, ते आपल्या हळदीचे एक प्रमुख ग्राहक असलेल्या बांगलादेशाकडे पाहावे. तिथे हळदीला झळाळी आणण्यासाठी पॉलिश करताना लेड क्रोमेट मिसळीत, म्हणजे शिसे. गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे कुठून येते ह्याचा शोध घेता घेता संशोधक हळदीपर्यंत येऊन पोहोचले. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत ते सापडले. सरकारने घाऊक बाजारात तपासणीची यंत्रे नेली, जागच्या जागी माल जप्त केला, दंड केला, आणि दोन वर्षांत, २०२१ मध्ये, बाजारातील नमुन्यांत त्याचा मागमूस राहिला नाही. आपल्याकडेही २०२४ साली दोन नामांकित मसाला कंपन्यांच्या मालात इथिलीन ऑक्साइड आढळल्याच्या कारणाने हाँगकाँग व सिंगापूर येथे कारवाई झाली, तेव्हा आपल्या मंडळाने त्या देशांना जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची केली. बांगलादेशाने यंत्र बाजारात नेले, आपण ते बंदरावर ठेवले. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतच्या यार्डात शेतकऱ्याला फुकट अथवा नाममात्र दरात कुर्कुमिनचा दाखला मिळाला, आणि लिलावाच्या ढिगावर तो लावला, तर भौगोलिक मानांकनाच्या प्रमाणपत्राला काही अर्थ येईल. १०० कोटींच्या केंद्राने इतर जे करावयाचे ते करावे. हे आधी करावे.

शेवटी, ज्यांच्याविषयी मंडळाच्या घटनेत ओळ नाही त्यांच्याविषयी. ह्या सभेत मागच्या बाजूला ज्या भगिनी बसल्या आहेत, त्यांच्या तळहाताचा पिवळेपणा वैशाखापर्यंत जात नाही. हळद खणली गेली की गड्डे वेगळे करणे, हळकुंडे मोडणे, माती झाडणे, वाळवण उलथणे, पाऊस आला तर धावत जाऊन झाकणे, हे सर्व त्यांचे काम. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर स्त्रियांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला आणि सात जणी गेल्या. दिल्लीहून आणि मुंबईहून मदत जाहीर झाली. परंतु मजुरांना कामावर नेण्याची सुरक्षित गाडी हा हळदीच्या विकासाचा खर्च आहे, असे अद्याप कोणत्याही योजनेत लिहिलेले नाही. कुकरला अनुदान आहे. कुकरजवळ उभ्या असलेल्या बाईला विमा नाही.

अनुदानाची रीतही पाहावी. सूक्ष्म खाद्य उद्योगांच्या योजनेत प्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये मिळतात. परंतु ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले आहेत. बहुतेक यंत्रांच्या बाबतीत आधी खर्च करावयाचा आणि मागाहून अनुदान घ्यावयाचे. ज्याच्यापाशी आधी खर्चावयास पैसा आहे, गहाण ठेवावयास जमीन आहे, त्याचा कुकर होतो; मग तो कुकर भाड्याने फिरतो, आणि अनुदानाचा पैसा लहान शेतकऱ्याकडून क्विंटलमागे भाड्याच्या रूपाने पुन्हा वसूल होतो. बटाईदाराची तर गोष्टच नाही. त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून सरकारच्या दृष्टीने त्याने हळद लावलेलीच नाही. शिजवणीची यंत्रे स्त्रियांच्या बचत गटांना आणि गावच्या सोसायटीला पूर्ण अनुदानावर द्यावीत, आणि तारण कर्जासाठी सातबाऱ्याऐवजी ग्रामसभेने दिलेला लागवडीचा दाखला मानावा, ही आपली मागणी आहे.

तीन निवेदने तयार आहेत. एक मुंबईला, बाजार हस्तक्षेप योजनेसाठी केंद्राकडे आजच मागणी नोंदवावी म्हणून. दुसरे बाजार समितीला, गोदामासाठी, तारणाच्या पैशासाठी आणि तपासणीच्या यंत्रासाठी. तिसरे निजामाबादच्या मंडळाला, मजूर स्त्रियांचा एक प्रतिनिधी घ्यावा म्हणून. सभेनंतर इथेच सह्या घ्यावयाच्या आहेत. आधी बटाईदार आणि मजूर भगिनींनी यावे. ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांनी थोडे थांबावे.